एकमताची नोंद

रविवारी सकाळी मौनाचा तास संपला, सगळ्यांनी रीतीप्रमाणे शेजाऱ्याशी हस्तांदोलन केलं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या एलिनॉरने माझा हात सोडलाच नाही. तो आपल्या दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "प्रल्हाद, तुमचं मौन ही आम्हां सगळ्यांना मिळालेली देणगी आहे. विशेषतः या आठवड्यात." मी हसलो. सत्तावीस वर्षं या देशात मी असाच हसत आलो आहे, ओठ न उघडता, मान किंचित वाकवून. आणि हसता हसता मला वाटलं, हात हिसडून घ्यावा आणि या बाईला, सत्तर वर्षांच्या, आयुष्यभर गावातल्या मुलांना पियानो शिकवलेल्या या सज्जन बाईला, जोरात ढकलून द्यावं. ते इतकं स्पष्ट वाटलं की माझा खांदा खरोखरच हलला. तिला ते जाणवलं असावं, कारण तिने हात आणखी घट्ट दाबला. तिची समजूत झाली, मी गहिवरलो.

राग हा माझा प्रांत नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या या लहानशा गावात, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, मी बावीस वर्षं पुस्तकांची कार्डं केली. तीन इंच बाय पाच इंच. त्यावर लेखक, पुस्तकाचं नाव, विषय, आणि वर कोपऱ्यात क्रमांक. ज्याला आवाज चढवता येत नाही अशा माणसासाठी यापेक्षा चांगली नोकरी नसेल. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कोरी कार्डं अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात असतात. सामानाची यादीही मी त्यांवरच करतो. त्या रविवारी खिशात एक कार्ड होतं आणि ते कोरं नव्हतं. चार आठवडे ते एका सदऱ्यातून दुसऱ्या सदऱ्यात जात होतं, आणि एलिनॉर माझा हात दाबत होती तेव्हा त्याचा कोपरा छातीला टोचत होता.

विशेषतः या आठवड्यात, असं ती म्हणाली, कारण गुरुवारी बातमी आली होती. गावात लपून राहिलेल्या रोसाउराला विमानात बसवून एल साल्व्हाडोरला परत पाठवलं होतं. बावीस ऑक्टोबरला बसस्टँडवर इमिग्रेशनच्या माणसांनी तिला पकडलं, आणि आठ दिवसांत तिच्यापुढे एक कागद ठेवून सही घेतली. त्या इंग्रजी कागदावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने परत जात आहे. ती तिथून निघाली होती ती तिच्या नवऱ्याला, शिक्षकांच्या संघटनेतल्या एका साध्या मास्तरला, एका सकाळी घरातून नेलं आणि तिसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला सापडला, म्हणून. ती स्वतःही मास्तरीण. मारायच्या माणसांच्या त्याच यादीत तिचंही नाव आहे असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. स्वखुशीने. मी गुरुवारपासून हा शब्द तोंडात घोळवत होतो आणि तो विरघळत नव्हता.

क्वेकर नावाच्या या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेत पुजारी नसतो, मूर्ती नसते, गाणं नसतं. एका साध्या खोलीत समोरासमोर बाकं मांडलेली असतात आणि माणसं तासभर गप्प बसतात. एखाद्याला आतून काही सुचलं तर तो उभा राहतो, बोलतो, बसतो. तो उभा असेतोवर दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, जागेवरून उठायचंही नाही. एवढाच काय तो नियम. मी या लोकांत आलो तो एकोणीसशे सदुसष्ट साली. पोस्टाच्या इमारतीसमोर दर बुधवारी दुपारी पंधरा-वीस माणसं व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तासभर नुसती उभी राहायची. घोषणा नाहीत, भाषण नाही. लायब्ररीतून जेवायला घरी जाताना मी त्यांना पाहायचो, आणि एका बुधवारी त्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. मी शूर होतो म्हणून नव्हे. तिथे काही बोलावं लागत नव्हतं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी माणसं भेटली होती जी न बोलण्याला नावं ठेवत नव्हती. आई मला घुम्या म्हणायची. "घुम्या मेला, पाहुणे आले तर तोंडातून शब्द नाही." वर्गात मास्तरही घुम्याच म्हणायचे. लग्नानंतर सुमित्राने तो शब्द महिन्याभरात स्वतःहून शोधून काढला. आणि इथे गोऱ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसला पूर्वेकडचा एक ध्यानस्थ पुरुष. मी त्यांना कधी सांगितलं नाही की मी ध्यान वगैरे काही करत नाही, त्या तासात मी बहुतेक वेळा आपल्याला उभं राहून बोलावं लागलं तर काय, या भीतीने घामेजलेला असतो. सांगायचं तर उभं राहावं लागलं असतं.

सुमित्रा दोनदाच माझ्याबरोबर आली. दुसऱ्या वेळी परतताना गाडीत म्हणाली, "अहो, माणसं चांगली आहेत हो. पण तुमच्यासारख्याला इथे आणणं म्हणजे दारुड्याला गुत्त्यावर नोकरी देणं." ती गेली त्याला आता पाच वर्षं झाली. मुलगी दीपा सांता क्लाराला इंजिनिअर आहे. घरात तीन खोल्या आहेत आणि मी एकटा आहे.

हे रोसाउराला माहीत होतं. तेच मला सहन होत नाही. सप्टेंबरात दर मंगळवारी मी तिला इंग्रजी शिकवायला जायचो. जायचो म्हणजे, लायब्ररीतून लहान मुलांची चित्रांची पुस्तकं आणून द्यायला मला आमच्या क्वेकर मंडळाने सांगितलं होतं, आणि पुस्तकं देऊन लगेच कसं निघायचं हे न कळल्यामुळे मी बसलो आणि शिकवणी सुरू झाली. तीन विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेलं ते तळघरातलं अपार्टमेंट. ती बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपायची. पुस्तकातल्या घराच्या चित्रावर बोट ठेवून तिने मला विचारलं, "युअर हाउस?" मी मान हलवली. "हाउ मेनी रूम?" मी तीन बोटं दाखवली. "हाउ मेनी पीपल?" मी एक बोट दाखवलं. ती हसली. माझी तीन बोटं तिने आपल्या हाताने उभी केली, मग त्यांतली दोन मिटवली, आणि पुन्हा तीन उभी केली. "थ्री रूम. वन मॅन." तिच्या हसण्यात मागणं नव्हतं. आज मला वाटतं, होतं. आज मला वाटतं की तिने जेवढं मागता येत होतं तेवढं मागितलं, आणि मी पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या पानावर कुत्रा होता. मी म्हणालो, "डॉग."

मीटिंगची, म्हणजे आमच्या या मंडळाची, कामकाजाची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते. या सभेतही बोलण्याचा नियम तोच, पण मतदान होत नाही. सभा चालवणाऱ्याला क्लार्क म्हणतात. गेली चार वर्षं आमची क्लार्क एलिनॉर आहे. सगळे बोलून झाले की क्लार्कने सभेचा कौल ओळखायचा, तिथल्या तिथे लिहायचा, वाचून दाखवायचा, आणि सगळ्यांनी 'मंजूर' म्हटलं तर ती नोंद पक्की. एका जरी माणसाने विरोधात उभं राहायचं ठरवलं तर नोंद होत नाही. मला ही रीत फार आवडायची. मी पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगायचो की इथे बहुमत नावाची गुंडगिरी नाही. सहा ऑक्टोबरला प्रश्न साधा होता: रोसाउराला मीटिंगच्या इमारतीत, कायदा मोडून, उघडपणे आसरा द्यायचा का. विद्यार्थ्यांच्या घरमालकाने जादा माणूस पंधरा तारखेपर्यंत बाहेर काढा म्हणून सांगितलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. एकेक जण उठला, चांगलं बोलला, बसला. मग वॉल्टर उठला. वॉल्टर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बंदूक घ्यायला नकार देऊन तीन वर्षं सरकारी छावणीत जंगलांतल्या आगी विझवत राहिलेला माणूस. त्याचा डावा कान तिथेच भाजला. तो उठला की सगळी खोली थोडी सरळ होऊन बसते. तो म्हणाला, "मी विरोधात नाही. पण मला अजून वाट मोकळी दिसत नाही. आपण करू ते उघड करू, दारावर पाटी लावून करू, आणि परिणाम नीट समजून करू. महिनाभर हा विषय मुरू द्यावा." त्याचा प्रत्येक शब्द खरा होता. हेच तर. खोटं बोलणाऱ्यावर चिडणं सोपं असतं. मी आज चिडलो आहे तो एका खऱ्या माणसाच्या खऱ्या वाक्यावर. मुरू द्यावा. लोणचं मुरतं. माणसाला बरणीत ठेवलं तर तो सडतो.

तेव्हा एलिनॉरने विचारलं, "या महिन्यात तिची सोय कुठे होईल, याबद्दल कुणाला काही सुचतंय का?" आणि खोली गप्प झाली. एलिनॉर स्वतः वृद्धांसाठीच्या एका खोलीत राहते. ज्यांना लहान मुलं होती त्यांना मुलांची काळजी होती. ज्यांची घरं मोठी होती त्यांना वॉल्टरच्या आधी पाऊल टाकायचं नव्हतं. आणि माझ्या खिशात कार्ड होतं. ते मी आदल्या संध्याकाळी इंग्रजीत लिहिलं होतं, तीनदा, कारण दोनदा अक्षर कापरं आलं. माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. ती आजच येऊ शकते. दोन वाक्यं. वाचून दाखवायला पाच सेकंद. मी कार्ड अर्धं बाहेर काढलं. एलिनॉरची नजर बाकांवरून फिरत माझ्याकडे आली आणि थांबली, आणि मी, चौसष्ट वर्षांचा माणूस, वर्गात मास्तरांची नजर आली की पोरं करतात तसे, डोळे मिटून घेतले. डोळे मिटलेला हिंदू तिला दिसला. तिने तो प्रार्थनेत आहे असं मानलं. नंतर तसं बोललीही, "प्रल्हाद आपल्या सगळ्यांना मौनात धरून आहेत." मग तिने लिहिलं आणि वाचलं: महिनाभर थांबण्याबाबत सभेचं एकमत आहे. मंजूर, मंजूर, असा आवाज बाकांवरून पावसाळी डबक्यातल्या बेडकांसारखा आला. त्यात माझा आवाज होता की नव्हता? मी हे रात्रंदिवस आठवून पाहिलं आहे. ओठ हलले होते, एवढं नक्की.

का नाही उभा राहिलो, याची उत्तरं माझ्याकडे ढीगभर आहेत, प्रत्येकाचं वेगळं कार्ड करता येईल. त्याच्या आदल्या आठवड्यात मीनाक्षी डबा घेऊन आली होती. मीनाक्षी आणि तिचा नवरा कुमार, दोघेही डॉक्टर, नागपूरकडचे; सुमित्रा गेल्यापासून ती दर शुक्रवारी मला काहीतरी आणून देते. मी आडून आडून विषय काढला. एक बाई आहे, असं आहे, मीटिंगचं काय चाललंय ते. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे वळली. "काका, प्लीज हं. खरं सांगू? हे गोरे लोक अरेस्ट झाले तर पेपरात फोटो येतो. आपण अरेस्ट झालो तर आपली फाइल उघडते." मी म्हटलं, मी सिटिझन आहे, एकोणसत्तर साली शपथ घेतली. "तुम्ही आहात हो. पण दीपा जिथे जॉब करते तिथे डिफेन्सचं काम चालतं ना? सिक्युरिटी क्लिअरन्सच्या फॉर्मवर फादरचं नाव विचारतात, यार!" मग जीभ चावून, "सॉरी, काकांना यार म्हणाले." कुमार दारात बूट न काढता उभा होता. तो म्हणाला, "मीनाक्षी, तू उगीच टेन्शन घेतेस. काका काही करणार नाहीयेत. अगं, लायब्ररीत लोक पुस्तकं लेट करायचे तर काकांना परत मागायची लाज वाटायची." आम्ही तिघंही हसलो. मीही हसलो. तेव्हा नाही, पण आज मला त्या हसण्याचा इतका संताप येतो की डबा त्याच्या अंगावर फेकायला हवा होता असं वाटतं, आणि लगेच वाटतं, त्यात भरली वांगी होती, मी ती दोन दिवस पुरवून खाल्ली. दीपाच्या क्लिअरन्सचं कारण मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण दीपाला फोन करून विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती "बाबा, डू इट" म्हणाली असती तर हातात कारण उरलं नसतं.

पंधरा तारखेला दुपारी मी गाडी काढून त्या अपार्टमेंटपर्यंत गेलोही होतो. समोर, रस्त्याच्या पलीकडे, गाडी उभी केली. तळघराच्या खिडकीचा वरचा अर्धा भाग जमिनीच्या वर होता, त्यातून तिचे हात दिसत होते. ती पीठ थापत होती, दोन तळव्यांत, उभ्याने. एकदा मी तिला खुणेने दाखवलं होतं की आमच्याकडे भाकरी परातीत बसवून थापतात, आणि ती माझ्या हातांकडे पाहून खूप हसली होती. मी इंजिन बंद केलं नाही. मला वाटलं, आत जाऊन काय बोलायचं ते आधी ठरवावं. मग वाटलं, मीटिंगने थांबायचं ठरवलंय, आपण एकट्याने पुढे जाणं हे शिस्तीला धरून नाही. शिस्त! मग वाटलं, फोन करावा. वीस मिनिटांनी मी निघालो. त्या विद्यार्थ्यांनी तिला आणखी आठवडाभर कसंबसं ठेवून घेतलं आणि बावीस तारखेला ते तिला फिलाडेल्फियाच्या बसमध्ये बसवायला गेले. सात दिवस. त्या सात दिवसांत दीपाच्या खोलीत मी हीटर सुरू ठेवला होता. का, ते मला विचारू नका.

राग आला की माणूस मागे जातो असं दिसतं. मला आठवत राहिला तो बेचाळीस सालचा कॉलेजचा हॉल. संप झाला होता, दगडफेक झाली होती, आणि प्राचार्यांनी आम्हां सगळ्यांना बोलावून सांगितलं की विद्यार्थ्यांच्या वतीने मी सरकारला माफीपत्र पाठवतो आहे. ज्याची हरकत असेल त्याने उभं राहावं. माझ्या शेजारी हेमचंद्र बसला होता. आम्ही एका खोलीत राहत होतो, एकाच कंदिलावर वाचत होतो. तो उभा राहिला. त्याच्या पायजम्याची दुमड माझ्या खांद्याला लागत होती, खादीची, खरखरीत. मी समोरच्या बाकावर कोरलेलं कुणाचं तरी नाव वाचत राहिलो. प्राचार्य म्हणाले, "एकच? ठीक. बाकी सर्वांची संमती आहे असं मी लिहितो." हेमचंद्रला काढून टाकलं. मी बी.ए. झालो. एकाहत्तर साली भारतात गेलो तेव्हा त्याला शोधून काढला. नागपुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासत होता. सुमित्रा बरोबर होती. मी काय काय बोलायचं ठरवून गेलो होतो. तोच हसत म्हणाला, "अरे, सगळेच उभे राहिले असते तर मला कुणी पाहिलं असतं का? तू बसलास म्हणून मी उंच दिसलो." आम्ही चहा प्यायलो. रिक्षात सुमित्रा म्हणाली, "हसत होता, पण त्याने तुम्हांला माफ केलेलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुम्ही मागितलीही नाहीत." आज मला हे दिसतं की त्याही दिवशी माझं गप्प बसणं कुणीतरी लिहून घेतलं होतं. तेव्हा संमती म्हणून, आता एकमत म्हणून. मी बोलत नाही, माझ्यावतीने कागद बोलतात. रोसाउराच्या वतीने बोलला तसा.

या रविवारी, तीन नोव्हेंबरला, प्रार्थनेनंतर लगेच कामकाजाची सभा होती. खाली तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी घरून आणलेले पदार्थ ओव्हनमध्ये गरम करायला ठेवले होते. सभा संपली की एकत्र जेवण. वर मॅकरोनी आणि चीजचा वास येत होता. चाळीसेक माणसं. एलिनॉर समोरच्या लहान टेबलाशी जाऊन बसली, वही उघडली, आणि रोसाउराबद्दल दोन-तीन जण बोलले. एक बाई रडली. ती खरंच रडत होती. कुणी म्हणालं, तिच्यामुळे आपण एकमेकांच्या जवळ आलो. माझे कान गरम झाले. मग एलिनॉरने मान खाली घालून बराच वेळ लिहिलं आणि वाचलं: "आमची मैत्रीण रोसाउरा हिला आम्ही प्रकाशात धरतो. गेले दोन महिने ज्या धीराने आणि एकमताने मीटिंगने हा विषय वाहिला त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत." प्रकाशात धरणं म्हणजे या लोकांच्या बोलीत एखाद्यासाठी मनोमन प्रार्थना करणं. चष्म्यावरून पाहत तिने विचारलं, "मंजूर?"

"मंजूर," बाकं म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

आवाज इतका घोगरा आला की माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाला मी खोकलो असं वाटलं असावं. त्याने खिशातून खोकल्याची गोळी काढून मागे धरली. मी ती घेतली नाही. "नाही," पुन्हा म्हणालो.

"प्रल्हाद?" एलिनॉरचा चेहरा उजळला. हो, उजळला, मला त्याची चीड आली. "तुम्हांला काही म्हणायचंय?"

मी पुढच्या बाकाची पाठ धरून उभा राहिलो. "मला हे मंजूर नाही."

वॉल्टरने आपला चांगला कान माझ्याकडे वळवला. "कोणता भाग, मित्रा?"

"एकमत. ऑक्टोबरात एकमत नव्हतं." मी कार्ड काढलं. ते घामाने मऊ पडलं होतं, पण अक्षर वाचता येत होतं. मी वाचलं. "माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. ती आजच येऊ शकते." वाचायला खरोखरच पाच सेकंद लागले. "हे मी सहा तारखेला लिहून आणलं होतं आणि वाचलं नाही. ते नोंदीत घाला. आणि आपण महिनाभर थांबलो म्हणून ती पकडली गेली, हे घाला."

कुणीतरी श्वास सोडला. एलिनॉर हळुवारपणे म्हणाली, "नोंदीत आपण कुणाची नावं घालत नाही, प्रल्हाद. तुम्हांला ठाऊक आहे."

"माझं घाला."

"तुम्ही स्वतःवर फार कठोर होताय."

"मी तुमच्यावर रागावलो आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी इंग्रजीत आयुष्यात कधी वापरलेलं नव्हतं; ते तोंडात परक्या दातासारखं वाटलं. "मी डोळे मिटले ते घाबरून. तुम्ही त्याला प्रार्थना म्हणालात. अकरा वर्षं मी इथला नोंदलेला सभासद आहे, अकरा वर्षांत मला एकाने विचारलं नाही की प्रल्हाद, तू गप्प का असतोस. तुम्हांला ते तसंच हवं होतं. शोभेला. तुम्ही तिला प्रकाशात धरता. घरात का नाही धरलं? आपण चाळीस जण आहोत. पंचवीस तरी घरं आहेत. सगळ्यांत पहिलं माझं."

हे मी बोललो, की यातलं अर्धं बोललो आणि अर्धं नंतर घरी येऊन रचलं, मला सांगता येत नाही. वॉल्टरचा चेहरा मला आठवतो. तो लाल झाला नाही, उतरला नाही. भाजलेल्या कानाच्या बाजूने अगदी म्हातारा दिसला. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मला वाटतं, हे फार महत्त्वाचं आहे. घाईने लिहिण्यापेक्षा पुढच्या महिन्यात आपण सगळे—"

"नाही," मी म्हणालो. "मुरवू नका."

"प्रल्हाद, तुम्ही बसा," एलिनॉर म्हणाली. "तुम्ही बसलात की आपण मौनात..."

आणि ती मध्येच थांबली, कारण तिच्या लक्षात आलं. माझ्याही लक्षात आलं, तिच्यानंतर एक क्षणभराने. मी उभा होतो. माणूस उभा असेतोवर दुसऱ्याने बोलायचं नाही, उठायचं नाही. वॉल्टर आणि ती दोघंही ते विसरून बोलून गेली होती. आता ती गप्प झाली. वॉल्टरने हात मांडीवर ठेवले. रडणाऱ्या बाईने रुमाल खाली घेतला. मला आणखी काही बोलायचं नव्हतं. पण मी बसलो नाही तर ही सभा संपणार नव्हती, तहकूब होणार नव्हती, नोंद होणार नव्हती, पुढच्या महिन्यावर जाणार नव्हती. या लोकांना नियम मोडता येत नाहीत. ते सरकारचे मोडतील, आपले नाही.

म्हणून मी उभा राहिलो. पहिली काही मिनिटं मला वाटलं, हे धैर्य आहे. मग उजवा गुडघा दुखायला लागला आणि वाटलं, हे धैर्य कसलं, हा उशीर आहे. चाळीस वर्षं आणि चार आठवडे उशीर. एका रिकाम्या खोलीत हीटर सुरू ठेवून झाल्यावर आता मॅकरोनी खायला निघालेल्या माणसांना अडवून धरण्यात पुरुषार्थ कसला? रोसाउराला याचा काय उपयोग? काही नाही. ती कुठे असेल, कुणाच्या घरात, कुठल्या रस्त्याच्या कडेला, या खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. सुमित्रा असती तर म्हणाली असती, आता उभे राहिलात, तेही आपल्याच घरच्यांसमोर. खरं आहे. तरीही मी बसलो नाही. बसलो की एलिनॉर म्हणेल, प्रल्हाद, धन्यवाद, आणि तिच्या त्या मऊ आवाजात माझा राग विरघळून त्याचीही देणगी होईल. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. एवढा एक राग माझा होता.

खाली स्वयंपाकघरात ओव्हनची घंटी वाजली. टर्रर्र, बराच वेळ. चाळीस माणसांनी ती ऐकली. एकाने जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या बुटांकडे. घंटी थांबली. थोड्या वेळाने चीज करपल्याचा वास जिन्यावरून वर आला, आधी हलका, मग घशात जाणारा. कुणी उठलं नाही. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातात ती खोकल्याची गोळी अजून तशीच होती.

एलिनॉरने पेन उचललं. वहीवर वाकून तिने काहीतरी खोडलं, जोर देऊन, कागदाचा आवाज झाला इतकं. मग खोडलेल्याच्या वर लिहिलं. एक ओळ, मग दुसरी. लिहून झाल्यावर ती बोलली नाही, बोलता येत नव्हतं. तिने वही दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्याकडे तोंड करून उभी धरली. दहा पावलांचं अंतर होतं आणि माझा लांबचा चष्मा गाडीत राहिला होता. काळी आडवी रेघ मला दिसली. वर काय लिहिलं होतं ते दिसलं नाही. माझं नाव होतं की आणखी एखादा मऊ शब्द होता, कळेना. वॉल्टर पुढे वाकून वाचत होता. त्याने वाचलं, आणि मान खाली घातली.

धूर आता खोलीत दिसायला लागला होता, खिडकीच्या उन्हात. मी बाकाची पाठ सोडून वहीच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं, उभाच.